गडावर किती माणसं मावतात?

पाऊस ओसरू लागला, की शनिवारी रात्री पुणे-सातारा रस्त्यावरच्या चेलाडी फाट्याला वेगळीच वर्दळ येते. टेम्पो ट्रॅव्हलर, मोटारी, दुचाकींचे थवे नसरापूरकडे वळतात. बनेश्वराच्या देवळाकडे त्या वेळी कुणाचं लक्ष नसतं. मार्गासनीला वाट फुटते. राजगडवाले साखरकडून गुंजवण्याला जातात, तोरणावाले विंझरवरून वेल्ह्याला. मध्यरात्री गुंजवण्यात पोचलात तर घराघरांत दिवे असतात, चुलीवर चहा उकळत असतो, पोह्यांचा कांदा चिरून तयार असतो. अंगणात ट्रेक लीडर शिट्टी वाजवून माणसं मोजतो. तो आपली माणसं मोजतो, शेजारच्या अंगणातला दुसरा आपली मोजतो. गडावर एकूण किती चालली आहेत, हे कुणीच मोजत नाही.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. पुणे जिल्ह्यात एकही नाही. ताडोब्यात वाघ पाहायला जायचं तर आधी आरक्षण, मग प्रवेशद्वार, ओळखपत्र, सोबत वाटाड्या, आणि एका फेरीत अमुकच गाड्या. वाघाच्या वाटेला किती माणसांनी जावं, हे सरकारने ठरवून टाकलं आहे. भोर-वेल्ह्यात वाघाऐवजी गड आहेत. राजगड, तोरणा, रोहिडा, केंजळगड, रायरेश्वर, आणि पश्चिमेला मोहरीच्या अंगाने गेलं की समोर लिंगाणा. इथे ना दरवाजा बंद होतो, ना तिकीट फाडलं जातं. हे चांगलंच आहे, असं मी बरीच वर्षं मानत आलो. गडावर जायला तिकीट कसलं? पण सुट्टीच्या दिवशी राजगडाच्या चोरदरवाजाखाली माणसांची रांग तासभर कड्यावर खोळंबलेली पाहिली, की या उदारपणाचा अर्थ पुन्हा तपासावासा वाटतो.

या मुलखाला गडांच्या नावाने हाक मारायची सवय जुनी आहे. भोर संस्थानात पाच तालुके होते आणि त्यांची नावं अशी: राजगड, प्रचंडगड, विचित्रगड, सुधागड आणि पवनमावळ. प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा. पंतसचिवांची ही व्यवस्था १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत चालली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं तेव्हा पुण्यात ही मोठी बातमी झाली. भोरच्या जुन्या माणसांना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये त्याहून मोठी गोष्ट घडली. पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारशाच्या यादीत घेतली. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. या बारांत राजगड आहे. शेजारचा तोरणा नाही. रायगड, शिवनेरी, पन्हाळा हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. राजगड मात्र साल्हेर, प्रतापगड, खांदेरी यांच्याबरोबर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. यादीत नाव लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी गडाचा दगड मजबूत होत नाही. गर्दी मात्र दुसऱ्या दिवसापासूनच वाढते.

तोरणा आणि राजगड यांचं नातं शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना पाठ आहे. शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला, तिथे धन सापडलं, आणि त्यातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. पुढे सुमारे पाव शतक राजधानी इथे होती. सईबाईंचं निधन १६५९ मध्ये इथेच झालं, आग्र्याहून सुटून महाराज १६६६ मध्ये इथेच परतले, राजाराम महाराजांचा जन्म १६७० चा, तोही इथलाच. औरंगजेबाने १७०४ मध्ये दोन्ही गड घेतले. राजगडाचं नाव नबीशहागड ठेवलं, तोरण्याचं फुतुहुल्गैब. ती नावं टिकली नाहीत.

एवढी वस्ती, एवढा राबता एके काळी राजगडाने पोसला. मग शनिवारच्या काही शे पोरांनी त्याचं काय बिघडतं? हा प्रश्न गडावर हमखास विचारला जातो, आणि तो टाकाऊ नाही. उत्तर शोधायचं तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे जावं लागतं. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेला. त्यातलं दुर्गांचं प्रकरण मला नेहमी एखाद्या जाणत्या गृहिणीच्या वाणसामानाच्या यादीसारखं वाटत आलं आहे: काय आधी, काय मागाहून, काय राखून ठेवायचं. गड बांधायचा तर पहिल्यांदा पाणी बघा, असं अमात्य सांगतात. पाणी नसेल आणि ती जागा घेणं भागच असेल, तर खडक फोडून टाकी खोदा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. म्हणून राखीव पाण्याची टाकी वेगळी ठेवा आणि ते पाणी रोज खर्चू नका. मग केराची गोष्ट येते. गडावरचा केर गडाखाली ढकलू नये, जागच्या जागी जाळावा, राख परसात घालून भाजीपाला करावा. आणि वाट? ती सुगम असू नये.

म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी गडाचा हिशेब पाण्यापासून सुरू होत होता आणि केरापाशी संपत होता. राजगडावर तो दगडात लिहिलेला दिसतो. पद्मावती माचीवरचा बांधीव तलाव, देवळाजवळची टाकी, बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं. संजीवनी माचीच्या दुहेरी तटात माणूस लपून चालू शकेल अशी वाट आहे, आणि तटात शौचकूपही आहेत. ज्यांनी गड बांधला त्यांना शिबंदी खाणार किती, पिणार किती आणि जाणार कुठे, हे सगळं माहीत होतं. ती शिबंदी वर्षभर तिथे राहायची, टाक्यांचा गाळ काढायची, पाळी लावून पाणी भरायची. आजची गर्दी एका रात्रीत चढते, सोबत प्लॅस्टिकच्या बाटल्या आणते, आणि रविवारी दुपारी उतरते. गाळ काढायला संवर्धन करणारे तरुण गट येतात, तेही सुट्टीचा वार पाहून, स्वखर्चाने. आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल ट्रेकच्या जाहिरातीत एक अक्षर नसतं: पहाटे पाच ते सात या वेळात माचीच्या झाडीत काय चाललेलं असतं आणि पाऊस पडला की ते वाहत कुठे जातं.

गेल्या काही वर्षांत पुरातत्त्व विभागाने राजगडावर मुक्कामाला मनाई केली. पद्मावतीच्या देवळात पथारी टाकून राहण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत त्यामुळे मोडली. जुने भटके हळहळले. हळहळ खरी आहे. गो. नी. दांडेकरांनी ज्या गडावर पुन्हा पुन्हा मुक्काम केले, 'दुर्गभ्रमणगाथे'सारखं पुस्तक ज्या भटकंतीतून आलं, तिथे रात्री राहूच नये म्हणणं कठोर आहे. सुवेळा माचीच्या नेढ्यात बसून उजाडताना पाहायचं, तर रात्र वर काढायला हवी किंवा अंधारात चढायला हवं. आणि अंधारात चढणं मुक्कामाहून धोक्याचं. बंदीने नेमकं हेच घडवलं: मुक्कामी कमी झाले, रात्री चढणारे वाढले. तरीही बंदी साफ चुकीची होती, असं म्हणायला जीभ रेटत नाही. देवळाच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवून मॅगी करणारे, टाक्यात साबण लावून भांडी घासणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांना हटकल्यावर मिळणारी उत्तरंही ऐकली आहेत.

बंदी हा मोजणी टाळायचा सोपा मार्ग आहे, एवढंच माझं म्हणणं. शून्य हा आकडा ठरवायला काही लागत नाही. चाळीस की ऐंशी, हे ठरवायला मात्र टाक्यातलं पाणी मार्चमध्ये कुठवर असतं ते पाहावं लागतं.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी योसेमिटीचे फोटो पाहिले असतील. तिथल्या हाफ डोम नावाच्या उघड्या कातळावर शेवटचा टप्पा लोखंडी दोर धरून चढायचा असतो. राजगडाच्या बालेकिल्ल्याची रेलिंग धरून केलेली चढाई ज्याला माहीत आहे, त्याला ते चित्र परकं वाटणार नाही. तिथे माणसांची दाटी इतकी झाली की २०११ पासून रोजच परवाना लागतो. दिवसाला सुमारे तीनशे माणसं, आणि कुणाला मिळणार ते सोडतीने. आपल्याकडचे तेच तरुण तिथे गेले, की महिनोन्‌महिने आधी सोडतीत नाव घालतात आणि तंबूची जागा क्रमांकानुसार घेतात. इथे गुंजवण्यात कुणी वहीत नाव लिहा म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो. अमेरिकेचं सगळंच घ्यावं असं मुळीच नाही. १८७२ मध्ये यलोस्टोन उद्यान झालं, पुढे तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या मूळ रहिवाशांना बाहेर काढलं गेलं आणि जागा 'निर्मनुष्य' म्हणून दाखवली गेली. राजगडाच्या घेऱ्यातल्या पाली, गुंजवणे, वाजेघर, भुतोंडे या गावांना बाजूला सारून गड राखता येईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती गोष्ट वाचावी. भुतोंडे तर येसाजी कंकांचं गाव.

गड खऱ्या अर्थाने राखतात ती ही गावं. वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री बॅटरी घेऊन निघतात ती इथली पोरं. आग्या मोहोळ उठून कुणाला माश्या डसल्या, कुणाचा पाय मुरगळला, तर झोळी करून खाली आणणारेही तेच. गडावर ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकणाऱ्या बाया सकाळी हंडा-पातेलं डोक्यावर घेऊन आपल्याआधी वर पोचलेल्या असतात. "बसा दादा, दम घ्या, मग बघा गड," असं म्हणत त्या ताकाचा पेला पुढे करतात. त्या पेल्यातलं ताक खालून आलं आहे, बहुतेक वेळा पाणीही. वीस-तीस रुपयांत कुणाच्या तरी मानेवरचा चढ आपण पिऊन टाकतो. मुक्काम बंद झाल्यापासून पायथ्याच्या घरांत राहणारे वाढले, त्यातून चार पैसे गावात राहिले, हे बंदीचं फळ मान्य करायला हवं. ओसरीवर सतरंजी, रात्री गरम भाकरी, ठेचा, आमटी-भात. पहाटे उजेडाच्या बेताने निघायचं. मला विचाराल तर राजगड पाहायची हीच रीत उत्तम. पाली बाजूच्या राजमार्गाने चढावं. रुंद पायऱ्या आहेत, वाट लांब आहे पण तिथे रांग लागत नाही. उतरताना गुंजवण दरवाज्याकडची पडझड बघून, चोरदरवाजाची गर्दी टाळून यावं.

रोपवेचा विषय अधूनमधून निघतो. २०२१ मध्ये राजगडावर रोपवे करायच्या हालचाली जाहीर झाल्या आणि ट्रेकर मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. म्हाताऱ्या माणसांनी गड पाहू नये का, हा रोपवेवाल्यांचा प्रश्न. गडाची दुर्गमता हीच त्याची ओळख, हे विरोधकांचं उत्तर. दोन्ही बाजूंनी भावनेला हात घातला. रोपवेच्या वरच्या टोकाला तासाला जी माणसं उतरतील त्यांना प्यायला पाणी कुठलं आणि त्यांचं सांडपाणी कुठे, हा प्रश्न त्या गदारोळात मागच्या बाकावर बसला. अमात्यांनी तो पहिल्या ओळीत विचारला असता.

ज्याला पाय आहेत त्याने राजगड-तोरणा वाट एकदा करावी. संजीवनी माचीच्या आळू दरवाज्यातून बाहेर पडायचं आणि डोंगराच्या सोंडेने पश्चिमेला चालू लागायचं. वेल्हे-भुतोंडे डांबरी रस्ता खिंडीत आडवा येतो, तो ओलांडून पुन्हा चढ. मध्ये झाडी, कारवीचे पट्टे, एखादं धनगराचं घर. तिथे ताक मिळालं तर नशीब. शेवटी तोरण्याची बुधला माची अंगावर येते आणि पायांचा कस लागतो. सहा-सात तास धरून चालावं, पाणी राजगडावरूनच भरून घ्यावं, आणि पावसाळ्यात, धुक्यात ही वाट करू नये. तोरणा राजगडापेक्षा उंच, १४०० मीटरच्या वर, आणि राजगडापेक्षा रुक्ष. बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मेंगाई देवीचं देऊळ, जवळच खोकड टाकं. मेंगाईच्या देवळातल्या भुताच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या रंगवल्या गेल्या आहेत. मला त्या गोष्टींबद्दल कृतज्ञता वाटते. तोरण्यावरची रात्रीची गर्दी आटोक्यात ठेवायला सरकारी फलकापेक्षा त्या भुताचा उपयोग अधिक झाला असावा.

वर मनाई झाली म्हणून तंबूवाले थांबले नाहीत, ते पाण्याकडे सरकले. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर या धरणांच्या काठाने रंगीत तंबूंच्या रांगा, शेकोटी, मोठे स्पीकर. शेतकऱ्याने आपल्या बांधावर चार तंबू लावून चार पैसे मिळवावेत, यात गैर काही नाही. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण त्यासाठीच आहे. पाठोपाठ २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. चाकांवरचं घर घेऊन फिरायचं. रायरेश्वराकडे जाताना कोर्ल्याच्या चढावर असली गाडी वळवून दाखवणाऱ्याला माझ्याकडून जेवण. पण शेतकऱ्याचा तंबू आणि पुण्यातल्या कंपनीने भाड्याच्या जमिनीवर थाटलेला तळ यांत फरक आहे. पहिल्याकडे शंभर माणसं आली तर त्याच्या विहिरीचं पाणी संपतं, म्हणून तो तीसवर थांबतो. दुसऱ्याकडे टँकर येतो.

धरणाचा काठ ही साधी जागा नाही. भाटघर धरण १९२८ चं, इंग्रज गव्हर्नरच्या नावाने लॉइड डॅम. आज जलाशयाचं नाव येसाजी कंक. बॅकवॉटर वरून शांत दिसतं, आत चिखल आणि एकदम खोल उतार. दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात आणि बुडणारे बहुतेक पाहुणे असतात. मे महिन्यात पाणी खाली गेलं, की वेळवंडी नदीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. तेवढ्या दिवसांत गावकरी दर्शनाला जातात, पाऊस लागला की देव पुन्हा पाण्यात. आणि पानशेतच्या काठावर तंबूत झोपणाऱ्याला कुणीतरी १२ जुलै १९६१ ची, धरण फुटल्याची गोष्ट सांगायला हवी. पुण्यातल्या ज्या पेठा त्या दिवशी वाहून गेल्या, तिथल्याच नातवंडा-पतवंडांचे हे तंबू.

एवढी झुंबड दोन गडांवर आणि चार धरणांवर. भोरच्या बाजूला मात्र त्या मानाने शांतता. रोहिड्याला बाजारवाडीतून चढा, शनिवारीही मोजकी माणसं भेटतील. दरवाज्यावर मराठी आणि फारसी दोन्ही लेख आहेत, आदिलशाही काळातले. खाली कारीला जेध्यांचा वाडा, हिरडस मावळात शिंद हे बाजीप्रभूंचं गाव. ज्या माणसांमुळे राजगडाला अर्थ आला त्यांच्या गावांत ट्रॅव्हलर थांबत नाही. तिथे सेल्फी काढायला कडा नाही, हे कारण असावं.

आणि मग रायरेश्वर. भोरहून आंबवडे, पुढे कोर्ले, तिथून केंजळगड आणि रायरेश्वर यांच्यामधल्या खिंडीपर्यंत गाडी. शेवटी लोखंडी शिडी. १६४५ मध्ये इथे स्वराज्याची शपथ झाली, असं महाराष्ट्र मानतो. ज्या पत्राच्या आधारे ते मानलं जातं त्याच्या अस्सलपणावर इतिहासकारांत वाद आहे, आणि तो वाद वर गेल्यावर फारसा आठवत नाही. कारण वर माणसं राहतात. पठारावर जंगम कुटुंबांची वस्ती आहे, महादेवाचं देऊळ, भात-नाचणीची खाचरं, रंगीबेरंगी माती, शाळा. शिडीवरून ट्रॅक्टर जात नाही, म्हणून मध्यंतरी तो सुटा करून, भाग खांद्यावर घेऊन वर नेला आणि पठारावर जोडला. ऑगस्ट-सप्टेंबरात रानफुलांचा बहर असतो, तेव्हा इथेही गाड्या येऊ लागल्या आहेत.

पण इथे मुक्कामाची सोय कुणाच्या तरी घरात होते, आणि घर म्हटलं की हिशेब आलाच. आदल्या दिवशी फोन करावा लागतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती माणसं?" बारा म्हणालात आणि वीस आलात तर घरधनी तोंडावर सांगतो, बाकीच्यांनी शेजारी विचारा, पीठ बाराचंच आहे, गिरणी शिडीच्या खाली आहे.